संग्राहक: गु. भोईर

१

लेबल लिहिताना मी श्वास रोखून धरतो. कागद नखाएवढा, त्यावर चार ओळी. गाव, तारीख, किडा कशावर मिळाला आणि कोणाला मिळाला. अक्षरं इंग्रजी. मी आठवीत शाळा सोडली, त्यामुळे इंग्रजी मला वाचता येण्याआधी काढता यायला लागलं. वर्तक सर म्हणायचे, "गुणाजी, तू अक्षर लिहीत नाहीस, अक्षराचं चित्र काढतोस. म्हणून ते इतकं सुबक येतं."

कल्याणच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी १९८२ साली कामाला लागलो. घर बाळकुमला. सकाळी माजिवड्याच्या नाक्यावर भिवंडीमार्गे जाणारी एस.टी. पकडायची, साडेनवाला कुलूप उघडायचं, कपाटातल्या डांबरगोळ्या बदलायच्या, सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसायच्या. मुलांची प्रॅक्टिकलं आटोपली की मग खरं काम. वर्तक सर तिथले प्राध्यापक. त्यांचा जीव अळंबीवर जगणाऱ्या भुंगेऱ्यांत अडकला होता. मेलेल्या झाडाच्या खोडावर फळीसारखी कडक अळंबी येते ना, तिच्यात हे राहतात, तीच खातात, तिच्यातच मरतात. मुगाच्या दाण्याएवढा जीव. त्याला कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर डिंकानं चिकटवायचं, कागदात टाचणी टोचायची आणि टाचणीला खाली लेबल. मग चित्र.

चित्रासाठी सूक्ष्मदर्शकाला एक आरसा जोडलेला होता. त्यातून बघितलं की किडाही दिसतो आणि शेजारच्या कागदावर फिरणारा आपला हातही दिसतो, एकावर एक. जणू किड्याच्या पाठीवरूनच बोटं फिरतायत. ठिपका ठिपका करून एका चित्राला चार दिवस लागत. त्या बारीक निबाच्या पेनाची शाई माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, पहिल्या पेराजवळ, कायमची मुरली होती.

"तो डाग घालव आधी," झाडू मारता मारता शांताबाई म्हणायच्या. "पोरगी बघायला गेलास तर तिचा बाप म्हणेल, जावई मतदान करून आलाय."

मी हसायचो. मला उत्तर सुचायचं, पण दुसऱ्या दिवशी, एस.टी.त.

१९८३ च्या पावसाळ्यात आमच्या पडवीत फणसाचा एक ओंडका पडून होता. त्याच्या अळंबीवर मला एक भुंगेरा मिळाला. काळा, पाठीवर दोन केशरी पट्टे, आणि मागच्या पट्ट्याची कड करवतीसारखी दातेरी. मी तो काड्यापेटीत घालून सरांकडे नेला. सर परीक्षेच्या पेपरांत बुडालेले होते.

"कुठे, कधी, कोणाला?" त्यांनी विचारलं. "लेबल कुठाय?"

"सर, मलाच मिळाला. घरी. तारीख नीट..."

"गुणाजी, हे तिन्ही लिहिलेलं नसेल तर तो किडा मिळालाच नाही असं समजायचं. लेबल म्हणेल ते खरं." आणि काड्यापेटी कचऱ्याच्या डब्यात.

मी घरी जाऊन बघितलं तर ओंडका आईनं चुलीत घातला होता.

२

हरिहर दामले १९८८ च्या जूनमध्ये सरांकडे संशोधनाला आला. राहायला डोंबिवलीला, फर्स्ट क्लास एम.एस्सी. तबला वाजवायचा. बसला की त्याची बोटं टेबलावर, बाकावर, बरणीच्या झाकणावर चालूच. स्वभावानं चांगला होता. हे मला सगळ्यात जास्त टोचायचं. तो वाईट असता तर सोपं गेलं असतं.

"गुणाजी, तुझ्यासारखा हात मला दिला असता ना देवानं," तो म्हणायचा आणि माझ्याशेजारी बसून माझं काम बघायचा. मग सर त्याला आत बोलवत आणि दार लोटून घेत. आतून इंग्रजी ऐकू येई. सहा वर्षांत मला त्या खोलीत खुर्ची मिळाली नव्हती. काचा पुसायला गेलो की मी उभाच असायचो.

ऑगस्टच्या मध्याला त्यानं नऊ भुंगेरे आणले. टिटवाळ्याला त्याच्या काकांनी नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेऊन ठेवला होता. कोणी राहत नव्हतं. बिल्डरनं दाराच्या चौकटी ओल्या फणसाच्या लाकडाच्या बसवलेल्या, आतल्या खोलीच्या चौकटीला अळंबी आलेली. नऊही तिथलेच.

मी पहिला भुंगेरा भिंगाखाली घेतला. काळा. दोन केशरी पट्टे. मागच्या पट्ट्याची कड दातेरी.

"सर," मी म्हटलं, "हा त्र्याऐंशी साली मी आणलेला..."

"काय आणलेलंस?" सरांनी मान वर न करता विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

दोन महिने सर पुस्तकं चाळत होते, परदेशात पत्रं जात होती. ऑक्टोबरच्या शेवटी उत्तर आलं. अशी जात आजवर कोणी नोंदवलेली नाही. सरांनी स्वतः जाऊन पेढे आणले. सापडणाऱ्याचं नाव जातीला लावायची रीत आहे, त्यांनी सांगितलं. नऊतला एक भुंगेरा मुख्य नमुना, त्याला लाल लेबल. जगात कुठेही शंका आली तर त्या एकाकडे बघायचं. नाव त्याच्यावर टांगलेलं.

"म्हणजे नाव 'हरिहरी'," सर म्हणाले. हरिहर कसंनुसं हसला.

"सर, नाव किती वर्षं राहतं?" मी विचारलं.

"राहतंच. एकदा छापलं की कोणाच्या बापाला काढता येत नाही. चुकीचं छापलं तरी तेच धरतात."

मी पेढा खाल्ला नाही, खिशात ठेवला. शांताबाईंनी बघितलं.

"तोंड का पाडलंस? तुझं नाव हवं होतं किड्याला? अरे, तुझं नाव अजून रेशनकार्डावर नीट लिहिलेलं नाही."

३

हरिहर त्या नऊनंतर टिटवाळ्याला पुन्हा गेला नाही. सर मागे लागले, अजून नमुने आण, यात मादी कोणती ते नक्की करायला हवंय. तो दर सोमवारी काहीतरी कारण सांगायचा.

एका दुपारी आम्ही दोघंच होतो. तो वाळला होता. डोळ्यांखाली काळं आलेलं. आणि माझ्या उशिरा लक्षात आलं की त्याची बोटं गप्प होती. टेबलावर नुसती ठेवलेली, जशी दुसऱ्याची आणून ठेवावीत.

"जात का नाहीस?" मी विचारलं.

"हसशील."

"मी कोणाला हसतो?"

"मी तिथे दिवसभर होतो रे. चौकटीवरनं भुंगेरे वेचत होतो. फ्लॅट रिकामा, चावी माझ्याकडे. आणि आतल्या खोलीत कोणीतरी बोटं वाजवत होतं. दारावर, आतल्या बाजूनं. मला आधी वाटलं मीच वाजवतोय, सवय आहे ना. म्हणून मी हात बघितले. माझ्या एका हातात चिमटा होता, दुसऱ्यात बाटली."

"मग दार उघडलंस?"

"उघडलं असणार," तो म्हणाला. "बाहेर आलो ना मी. पण मधलं नीट आठवत नाही. आणि घरी आल्यापासून आई म्हणते, तू कुठेतरी राहून गेल्यासारखा वाटतोस."

माझ्या मनात काय आलं ते लिहितो. मला भीती वाटली नाही, कीवही आली नाही. याला भीतीसुद्धा कशी ऐटीची मिळाली, असं वाटलं. सर त्याच्या पाठीवर हात ठेवत, शांताबाई त्याला चहात आलं घालून देत. मी सहा वर्षं डांबरगोळ्यांच्या वासात बसून डोळे घालवले, पण मी सुकतोय का हे कोणी बघितलं नव्हतं.

नोव्हेंबरात सर आठवडाभर पुण्याला गेले. जाताना म्हणाले, "नऊही लेबलं पक्क्या शाईत नव्यानं लिहून ठेव. दामल्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात." हरिहरची जुनी लेबलं काढून मी एका काड्यापेटीत ठेवली. मग पेन भरलं.

टिटवाळा. १४ ऑगस्ट १९८८. फणसाच्या चौकटीवरील अळंबी. या तीन ओळी मी नऊ वेळा लिहिल्या. चौथी ओळ मोकळी ठेवली. पेटीत नऊ भुंगेरे पाय पोटाशी आखडून चिकटलेले होते. हे जिवंतपणीही असंच करतात. हात लागला की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतात आणि तासन् तास सोडत नाहीत. मी त्यांच्याकडे बघत बसलो. मग श्वास रोखला आणि चौथ्या ओळीत लिहिलं, गु. भोईर.

एकच लिहायचं ठरवलेलं. रात्रीपुरतं ठेवू, सकाळी बदलू, असंच ठरवलेलं. पण एकदा हात लागल्यावर नऊही झाली.

पेटीचं झाकण लावलं तेव्हा आतून टकटक असा बारीक आवाज आला. दोन, मग तीन, मग पुन्हा दोन. दमट हवेत वाळलेला किडा सैल पडतो, पाय हलतो, कागदाला लागतो. मला हे माहीत होतं. मी स्वतःला ते दोनदा सांगितलं आणि कुलूप लावून निघालो.

४

सकाळी नेमका ताप आला. चार दिवस पडून होतो. पाचव्या दिवशी गेलो तर सर पुण्याहून परतलेले, आणि पेटी त्यांच्या टेबलावर उघडी.

मी दारातच उभा राहिलो. काय बोलायचं ते एस.टी.त पाठ केलं होतं. सर, चूक झाली. सर, तो आधी मला मिळालेला. यातलं कुठलं आधी म्हणायचं ते ठरत नव्हतं.

"ये गुणाजी," सर म्हणाले. "बस."

बस म्हणाले. मी बसलो.

"एक विचारायचं होतं. तू टिटवाळ्याला गेलेलास तेव्हा चौकट ओली होती की वाळलेली? पेपरात लिहायला हवं."

मी हरिहरकडे बघितलं. तो खिडकीशी उभा होता. आता हसेल, मला वाटलं. दोघांनी मिळून माझी फिरकी घ्यायची ठरवलीय, आणि बरोबर आहे, घ्यावीच.

"ओली होती ना रे?" हरिहर म्हणाला. "तूच म्हणालेलास, हात लावला की पाणी येतं." त्याची बोटं खिडकीच्या गजावर वाजत होती. धा, धिं, धिं. चेहऱ्यावर तरतरी.

"हरिहर, तू आणलेस ते," मी म्हणालो. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"मी? मी टिटवाळ्याला देवळाच्या पलीकडे कधी गेलेलो नाही. काकांची चावी तुला दिली तेवढंच माझं पुण्य."

"लाजतोय तो," सर म्हणाले. "अरे, रीत आहे ती. नाव तुझंच लागणार. 'गुणाजीआय'. कानाला बरं वाटतंय की नाही?"

मी दिवसभर वाट बघितली. दुसऱ्या दिवशीही बघितली. थट्टा इतकी लांबत नाही. तिसऱ्या दिवशी शांताबाईंनी माझ्यापुढे आल्याचा चहा ठेवला आणि म्हणाल्या, "ऑगस्टात कुठून ती अवदसा आठवली तुला, एकटा गेलास त्या ओसाड जागेत. तेव्हापासून वाळलास बघ."

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. खाली कुठेतरी काहीतरी सरकलं होतं हे कळत होतं. पण सरांच्या खोलीत माझी खुर्ची होती. पेपराच्या कच्च्या प्रतीत माझं नाव टाइप केलेलं होतं आणि मी ते बोटानं चाचपून बघत होतो. हरिहरकडे बघून मला वाटायचं, आता तू बस बाहेर. तो बाहेर बसायचा आणि मजेत ठेका धरायचा. त्याला काहीच गेल्यासारखं वाटत नव्हतं, हे तेवढं खुपत राहिलं.

५

फेब्रुवारीत लाल लेबलाचा भुंगेरा डब्यात कापूस घालून मोठ्या संग्रहालयाकडे रवाना झाला आणि पेपर छापायला गेला. त्याच आठवड्यात हरिहर म्हणाला, "अरे, काकांना फ्लॅट भाड्यानं द्यायचाय. चावी आण ना उद्या."

"माझ्याकडे नाहीये."

"तुझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात असते की."

होती. सुतळीत ओवलेली, पितळी. त्या कप्प्यात मी रोज डबा ठेवतो.

मी ती त्याला दिली असती तर बरं झालं असतं. पण मी म्हटलं, "एकदा जाऊन बघून येतो. सरांना मादी हवीय." खरं कारण निराळं होतं. नाव माझं, तर जागाही मी बघितलेली असावी. उद्या कोणी विचारलं तर खिडकी कुठे होती हेसुद्धा मला सांगता येणार नव्हतं.

रविवारी दुपारी टिटवाळ्याला उतरलो. स्टेशनपासून वीस मिनिटं, वीटभट्ट्यांच्या पलीकडे, तीन मजल्यांची बिल्डिंग. प्लास्टर अर्धं. गेटपाशी एक म्हातारी भाजीच्या जुड्या बांधत बसली होती. तिच्याच शेतावर बिल्डिंग उभी राहिलेली, बदल्यात तळमजल्याची खोली मिळालेली. नाव आवडाबाई, हे तिनंच सांगितलं, आणि तेही मला आठवत नाही म्हणून रागावून.

"इसरलास काय रं? त्या दिशी पानी पाजला तुला."

"मावशी, मी पहिल्यांदाच येतोय."

"आगरी मानूस नी खोटा बोलतंस? बालकुमचा भोईर ना तू? चौदा तारीख. दुसरे दिशी झेंडा व्हता म्हनून माझ्या ध्यानात हाय. वर गेलास. दोन वाजता दार वाजवाला लागलास. आतनं. मी जिन्यावं उभी राहून आयकला. ठेका धरल्यावानी वाजवत व्हतास. मना वाटला भजनी मंडलातला हाय पोरगा."

मला तबला येत नाही. आमच्या घरात साधी टाळही नाही.

"मग?"

"मंग काय. गप झालास. सांजचे खाली आलास तं मी बोलली, काय रं, भजन आटपला? बोललास नाय. माझे अंगावरनं गेलास, जशी मी भित." तिनं जुडीला गाठ मारली. "आज बरा बोलतंस. आज तू तू हाय."

फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. चावी सहज लागली. बाहेरची खोली रिकामी, खिडकीला ग्रिल नाही, फरशीवर सिमेंटचे डाग. आतल्या खोलीचं दार बंद होतं. त्याच्या चौकटीवर खालपासून माझ्या छातीपर्यंत अळंबीच्या फळ्या, एकीवर एक, कडा केशरी आणि ओल्या. काही फळ्यांच्या कडा मोडलेल्या होत्या. कोणीतरी तिथून भुंगेरे वेचले होते, आणि व्यवस्थित वेचले होते. मी वेचले असते तसेच. खालून वर, डावीकडून उजवीकडे.

मी पिशवीतून चिमटा काढला. तेव्हा आवाज आला.

टकटक नव्हती. मी टकटकीचीच तयारी करून आलो होतो. हा आवाज अगदी हलका होता, करकर, मग थांबा, मग करकर. तो मला इतका ओळखीचा होता की पहिल्यांदा ऐकूच आला नाही. बारीक निब जाड कागदावर चालल्याचा आवाज. चार लहान ओळी. थांबा. पुन्हा चार ओळी.

मी माझे हात बघितले. एकात चिमटा, दुसऱ्यात बाटली.

दार फुगून चौकटीत बसलं होतं, पण बिजागरीच्या बाजूला बोटभर फट होती. आतल्या खोलीला खिडकी होती, ऊन येत होतं. मी फटीला डोळा लावला.

फरशीवर एक हात होता. मनगटाच्या पलीकडचं भिंतीआड होतं, ते मला दिसलं नाही आणि बघायचंही नव्हतं. तळवा वर, बोटं आत आखडलेली. किडा चिकटवण्याआधी मी त्याचे पाय आत घेतो, तशी. मनगटापाशी केशरी कडेची एक लहान फळी उगवलेली. नखावरून एक भुंगेरा चालला होता, घाई नसलेला. आणि मधल्या बोटावर, पहिल्या पेराजवळ, शाईचा डाग.

करकर थांबली होती. मी बघतोय हे त्याला कळलं असावं. कारण त्या बोटांत जी थोडी थरथर उरली होती ती माझ्या डोळ्यांसमोर थांबली, आणि तो हात आधीपेक्षाही जास्त मेला.

मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. आवडाबाईनं मागून काहीतरी विचारलं. मी तिच्या अंगावरून गेलो.

६

कल्याणला एस.टी.त बसल्यावर तिकिटासाठी सुटे काढले तेव्हा हात बघितला. मधलं बोट स्वच्छ होतं. तुरटी, लिंबू, रॉकेल, सहा वर्षांत कशानं गेला नव्हता तो डाग. बोटावर नुसतं कोरं कातडं.

मी मनाशी हिशेब मांडत होतो. नोव्हेंबरात ताप येऊन गेला होता, तापात कातडी जाते. फट बारीक होती, ऊन डोळ्यावर होतं. बिल्डिंगमध्ये मजूर झोपतात, एखाद्याचा हात असेल. रंगाऱ्याचा असेल. डाग रंगाचा असेल. माजिवडा येईपर्यंत मी हे सगळं पटवून घेतलं, आणि उतरताना कळलं की हात खिशातून बाहेर काढायची माझी हिंमत होत नाहीये.

सोमवारी मी सरांपुढे सगळं सांगितलं. इतकं मी आयुष्यात कधी सलग बोललो नव्हतो. भुंगेरे हरिहरचे आहेत, लेबलं मी बदलली, पेपर थांबवा.

सरांनी चष्मा काढला. "गुणाजी, तुला असं वाटतंय की आपली लायकी नाही. खरं ना? आठवी शिकलेल्या माणसाचं नाव कशाला, असं?"

"नाही सर. मला ते हवं होतं. म्हणूनच..."

"पेपर छापून होतोय. आणि समजा तू म्हणतोस तसं असलं, तरी आता काय? लेबलावर जे आहे ते आहे. मुख्य नमुना गेला, नाव त्याच्याबरोबर गेलं."

"माझ्याकडे जुनी लेबलं आहेत सर. हरिहरच्या अक्षरातली. दाखवतो."

काड्यापेटी माझ्या खणात तळाशी होती, मी ठेवली तशी, वर रबर लावलेलं. हरिहर आणि सर दोघांसमोर मी ती उघडली. नऊ चिठोऱ्या टेबलावर मांडल्या. हरिहरचं तिरकं, मुंग्यांच्या वरातीसारखं अक्षर. टिटवाळा. १४ ऑगस्ट. फणसाची चौकट.

चौथ्या ओळीत त्याच अक्षरात, त्याच फिक्या निळ्या शाईत नऊ वेळा माझं नाव होतं.

"हो, तूच सांगितलंस आणि मी लिहिली ही," हरिहर प्रेमानं म्हणाला. "तेव्हा तुझा हात थरथरत होता ना." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याची बोटं तिथेही ठेका धरून होती. जिवंत, गरम बोटं. मला त्याचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. तबला, आई, फर्स्ट क्लास, यातलं काही नको होतं मला. तो सगळाच्या सगळा इथे उभा होता, एवढंच.

७

याला पाच वर्षं झाली. हरिहर आता डोंबिवलीला शिकवतो, लग्न झालं, मुलगी आहे. तो फ्लॅट काही भाड्यानं गेला नाही. चावी माझ्याकडेच राहिली. मी ती दोनदा पोस्टानं त्याच्या काकांना पाठवली. दोन्ही वेळा पिशवीच्या आतल्या कप्प्यात होती.

माझ्या बोटाला शाई लागत नाही. लागते, पण राहत नाही. चित्रं सुबक येतात, लेबलंही. फक्त मी काम करत असतो तेव्हा निबाचा आवाज येत नाही. तो पेटीतून येतो, मी पेन खाली ठेवल्यावर. आई म्हणते, तू झोपतोस तसं कोणी झोपत नाही. हातपाय पोटाशी, श्वाससुद्धा कळत नाही. मी तिला म्हणतो, दमतो ना.

आता शालू नावाची मुलगी सरांकडे संशोधन करतेय. कसाऱ्याकडच्या एका शाळेतल्या शिपायाची मुलगी, हुशार, बोलायला बुजते. दोन वर्षं नमुने गोळा करतेय, नवं काही मिळत नाही. परवा तिनं ती पेटी उघडली. आठ उरलेले भुंगेरे. ती चौथ्या ओळीकडे बघत राहिली.

"भाऊ, हे तुम्ही?"

"हो."

"जगात सगळीकडे हेच नाव?"

"हो."

ती हसली, पण डोळ्यांनी नाही. ते डोळे मला ओळखीचे होते. काचा पुसताना कपाटाच्या काचेत मी ते रोज बघत असे.

"मला असं काही मिळणार नाही," ती म्हणाली.

टेबलावर पेन भरलेलं होतं. कोऱ्या लेबलांची पट्टी शेजारीच. कपाट उघडं, सर गावाला. मी काही सांगायची गरज नव्हती. नुसतं चहाला बाहेर जायचं. मी उठलो, व्हरांड्यात गेलो, जिन्यापर्यंत गेलो. मागे निबाचा आवाज येतो का ऐकत उभा राहिलो. आला असता तर हरिहर सुटला तसा मीही सुटलो असतो. बहुधा माझ्या बोटाला पुन्हा शाई धरली असती. दर रविवारी मला कोणीतरी ओढल्यासारखं टिटवाळ्याला नेतं, ते थांबलं असतं. आई म्हणाली असती, आज नीट झोपलास.

मी परत फिरलो. शालूच्या हातात पेन होतं, टोपण काढलेलं. मी ते काढून घेतलं, पेटी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. ती खजील झाली, पळालीच.

मी तिला वाचवलं असं इथे लिहिता आलं असतं. शांताबाई निवृत्त झाल्या नसत्या तर त्यांनी माझं तोंड बघून ओळखलं असतं. जिन्याशी उभा असताना मला तिची काळजी एकदाही वाटली नाही. एकच वाटलं. चौथ्या ओळीत तिचं नाव येणार, लाल लेबलावर येणार, सर तिला विचारणार की चौकट ओली होती का वाळलेली, आणि त्र्याऐंशी साली मी आणलेला भुंगेरा दुसऱ्यांदा कचऱ्याच्या डब्यात जाणार.

तो माझा आहे. नाव माझं आहे.

कुलूप लागलं तशी कपाटात करकर सुरू झाली. चार ओळी, थांबा. मी कान लावला. चौथ्या ओळीशी निब जरा जास्त वेळ चाललं, हळू, श्वास रोखून. तिथे काय लिहिलं जातंय ते मला न बघता कळत होतं. मग मी स्टुलावर बसलो, आणि माझं मलाच उशिरा कळलं की मी हात छातीशी घेतलेत आणि बोटं आत आखडलीत.